घंटागाडीवर सैनिकांना सलाम : हवा की नको?

नदीकाठचा
आमच्या नगरपरिषदेने घंटागाड्या, पाण्याचे टँकर आणि अग्निशमनच्या बंबावर मोठे स्टिकर लावलेत. तिरंगा, जवानाची आकृती, ‘आम्ही आमच्या सैनिकांसोबत’. त्याखाली जरा लहान अक्षरांत सौजन्य म्हणून नगराध्यक्षांचं नाव.

माझं मत, काढावं. माझ्या स्कूटरवर काय चिकटवायचं ते मी ठरवीन. घंटागाडी सगळ्यांच्या घरपट्टीवर चालते. तिच्यावर जे लिहिलं ते गावाच्या वतीने लिहिलं, आणि गावाला कोणी विचारलेलं नाही. सैनिकांबद्दल आदर नाही असं कृपया म्हणू नका, माझा मामा कारगिलच्या वेळी द्रासला होता.

तांबडा_रस्सा
आदर आहे पण दिसायला नको, असं का? सिटी बसवर पानमसाल्याची जाहिरात चालते, तेव्हा कुणाला घरपट्टी आठवत नाही. ट्रकच्या मागे ‘जय जवान जय किसान’ वाचतच आपण मोठे झालो.

नदीकाठचा
ट्रक मालकाचा असतो. आणि पानमसाला न खाणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हणत नाही. इथे स्टिकरबद्दल चौकशी केली तर शेजारच्या काकांनी दोन दिवस बोलणं टाकलंय.

बर्फातला_कोल्हापुरी
2007 सालचं टोरांटो आठवलं. तिथे महापालिकेच्या बंबांवर आणि रुग्णवाहिकांवर पिवळी फीत आणि ‘आमच्या सैनिकांना पाठिंबा द्या’ असे स्टिकर होते. मुदत सप्टेंबरात संपणार, मग काढायचे, असं चाललं होतं. अफगाणिस्तान मोहिमेचे विरोधक म्हणायचे, फितीच्या आडून युद्धालाच पाठिंबा मागताय. 20 जूनला कंदाहार प्रांतात रस्त्यातल्या स्फोटात तीन कॅनेडियन सैनिक गेले. त्याच दिवशी नगरसेवकांनी एकमताने ठरवलं, स्टिकर राहणार.

मला मात्र स्टिकरपेक्षा 401 हायवे जास्त आठवतो. ट्रेंटनच्या हवाई तळावर शवपेट्या उतरायच्या, तिथून ताफा टोरांटोकडे निघायचा. वाटेतल्या पुलांवर लोक झेंडे घेऊन थंडीत तासन् तास उभे. बंबही यायचे, दिवे लावून पुलावर थांबायचे. तसा हुकूम कोणी काढला नव्हता. त्या पट्ट्याला ‘हायवे ऑफ हीरोज’ हे नाव मिळालं तेही 2007 सालीच. तो बंब पुलावर उभा आहे म्हटल्यावर त्याच्या दारावर फीत आहे की नाही, कोण बघतंय?

तांबडा_रस्सा
म्हणजे तुमच्याच उदाहरणात स्टिकर राहिले! तेही एकमताने.

बर्फातला_कोल्हापुरी
राहिले. पण तीन जण गेल्याची बातमी आलेल्या दिवशी विरोधात हात वर करायची कुणाची छाती होती? त्या एकमताला मी फार वजन देत नाही. निदान मतदान तरी झालं, हे खरं.

चौकटीबाहेरची
मला सौजन्यवाली ओळ खुपते. मार्च 2019 मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बजावलं होतं की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका. मे 2025 मध्ये रेल्वेच्या ई-तिकिटावर ऑपरेशन सिंदूर आणि पंतप्रधानांचा फोटो आला, त्यावरूनही वाद झाला. पराक्रम एकाचा, फोटो दुसऱ्याचा. पिक्चर तोच, फक्त थिएटर घंटागाडीचं.

निवृत्त_नायब_सुभेदार
धागाकर्ते, मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान गेले. तिथे स्टिकरची गरज नाही, पण कोणी लावला तर राग येणार नाही. सीमेवर असताना गावाकडून आलेली साधी चिठ्ठीसुद्धा पुरायची.

राग दुसऱ्या गोष्टीचा येतो. माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे. त्या अर्जासाठी मी चार खेपा घातल्या. दर वेळी वेगळा कागद मागितला. चौथ्या खेपेला बाहेर उभ्या गाडीवर तुमच्यासारखाच स्टिकर. हसू आलं, दुसरं काय.

7 डिसेंबरचा ध्वजदिन बघा. 1949 पासून चालू आहे. छोटा झेंडा छातीला, मोठा गाडीला, पण आधी डब्यात पैसे टाकायचे. ते सैनिकांच्या कुटुंबांकडे जातात. त्या झेंड्यापाठी काहीतरी आहे. माझं म्हणणं, स्टिकर ठेवा, नाव खरवडा.

तांबडा_रस्सा
सुभेदारसाहेब, नाव खरवडायला माझीही ना नाही. पण स्टिकरला हात लावू देणार नाही.

नदीकाठचा
साहेब, तुमच्यापुढे काय बोलणार. तरी माझं म्हणणं तेच आहे, नाव गेलं तरी गावाला विचारलं नाही ते नाहीच. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घ्यावा म्हणून अर्ज देतोय. वॉर्डातल्या सह्या हव्यात, आत्तापर्यंत दोन झाल्यात. एक माझी, एक बायकोची. तिचं म्हणणं, आधी घंटागाडी रोज येऊ दे.

चौकटीबाहेरची
वहिनींच्या मुद्द्यावर सही पाठवते.