शब्दचर्चा : 'टॅग करणे' आणि 'टॅग लावणे'

हरिपूरकर :
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या आमच्या लेखनगटासाठी एक पान तयार करतोय. चाहतेकथा, म्हणजे फॅनफिक्शन (आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा), ऑनलाइन टाकताना टॅगचे कोणते शिष्टाचार पाळावेत, हे त्यात मराठीत मांडायचंय. पहिल्याच ओळीला अडलोय. 'कथेला नीट टॅग करा' म्हणायचं की 'कथेला नीट टॅग लावा'?

मेणवलीघाट :
'लावा'. ही दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि निम्मा शिष्टाचार त्या फरकातच आहे. माणसाला टॅग *करतात* : त्याचं नाव घालून हाक मारतात आणि त्याचा फोन वाजतो. कथेला टॅग *लावतात* : आत काय आहे त्याची खूण बाहेर डकवतात. व्याकरणही वेगळं चालतं. 'मैत्रिणीला टॅग केलं' यात क्रियापद नपुंसकलिंगी राहतं, 'कथेला टॅग लावला' यात ते 'टॅग'प्रमाणे पुल्लिंगी होतं. अनेकवचन 'टॅग'च, 'टॅग्ज' लिहायची गरज नाही.

म्हणून पानावर दोन वेगळी वाक्यं घ्या. कथेला टॅग जरूर लावा. पण मूळ मालिकेतल्या नटनट्यांना, दिग्दर्शकाला किंवा लेखकाला त्या कथेखाली टॅग करू नका. दोन पात्रांची प्रेमकथा ती पात्रं साकारणाऱ्या माणसांच्या फोनवर ढकलणं हा आगाऊपणा आहे. कित्येक लेखक कायद्याच्या भानगडी नकोत म्हणून स्वतःच्या पात्रांवरच्या चाहतेकथा मुद्दाम वाचत नाहीत, त्यांना तर अजिबात ओढू नये.

तासगावकर :
टॅगला मराठी शब्द हवाच असेल तर 'मार्का' घ्या. पोत्यावर, पेटीवर मार्का असतो तो मालाची ओळख पटावी म्हणून. बेदाण्याच्या पेटीवर 'हिरवा' लिहून आत काळा भरला तर सौद्यात ती पेटी परत येते. कथेचंही तसंच.

मेणवलीघाट :
दादा, शब्द झकास आहे, पण मार्का मालकाचीही ओळख सांगतो. टॅग फक्त मालाबद्दल बोलतो. शिवाय 'जीआय टॅग', म्हणजे भौगोलिक मानांकन, आपल्या हळदीबरोबर २०१८पासून सांगलीत घरोघरी पोचलाय. 'टॅग'च ठेवू या.

मिरजेची वाचक :
टॅगपेक्षा इशाऱ्यांच्या, म्हणजे कथेत त्रासदायक काय आहे ते आधीच सांगणाऱ्या सूचनांच्या, भाषांतरात जास्त घोळ होतो, त्यावर नीट बोलू या. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या चाहतेकथांच्या संकेतस्थळावर (२००९पासून सर्वांसाठी खुलं) इशाऱ्याची जागा रिकामी सोडता येत नाही. हिंसेचं तपशीलवार वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध हे चार ठरलेले इशारे आहेत. याशिवाय दोन पर्याय आहेत आणि मराठीत त्या दोघांची गल्लत होते. एक म्हणजे 'कोणताही इशारा लागू नाही' : या चारपैकी आत काही नाही, याची लेखकाने दिलेली हमी. दुसरा म्हणजे 'लेखकाने इशारे न देण्याचं ठरवलं आहे' : आत काहीही असू शकतं, वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वाचावं.

या दोन्हींसाठी सर्रास 'इशारा नाही' असं लिहिलं जातं. शेवट फुटू नये म्हणून लेखक दुसरा पर्याय निवडतो, मराठी सारांशात मात्र 'इशारा नाही' लिहितो. वाचक निर्धास्तपणे आत शिरतो आणि सातव्या प्रकरणात नायिका मरते. शेवट गुप्त ठेवायचा हक्क लेखकाला आहे. मग 'इशारे दिलेले नाहीत' असं लिहावं. 'नाही' आणि 'दिलेले नाहीत' यांतलं अंतर वाचकासाठी फार मोठं आहे.

हरिपूरकर :
ताई, हे शब्दशः उचलतो. जोडीच्या टॅगबद्दल? आमच्याकडे 'कर्ण/द्रौपदी' या टॅगवरून वाद झाला.

मिरजेची वाचक :
तिरकी रेघ म्हणजे प्रेमाचं किंवा शरीरसंबंधाचं नातं. '&' म्हणजे मैत्री, भावंडं, गुरुशिष्य, वैर, काहीही, पण शृंगार नाही. 'कर्ण/दुर्योधन' आणि 'कर्ण & दुर्योधन' या दोन वेगळ्या कथा. मराठी वाचक अडखळतो कारण आपल्याकडे तिरकी रेघ म्हणजे 'किंवा'. शाळेच्या अर्जावर 'आई/वडील यांची सही' असं असतंच की. तेव्हा पानावर हे एका ओळीत सांगाच. आणि जी जोडी कथेत दोन वाक्यांपुरती येते, तिचा टॅग लावू नका. त्या जोडीसाठी शोधत आलेला माणूस चाळीस पानं वाचून रिकाम्या हाताने परत जातो. एखाद्या जोडीवर टीका लिहायची असेल तर तीही त्या जोडीच्या टॅगखाली नको, तिथे तिचे चाहते जमलेले असतात.

मेणवलीघाट :
बाकीच्या खुणांना छान मराठी शब्द मिळतात. 'स्लो बर्न'ला (प्रेम हळूहळू फुलतं ती कथा) मंद आच, 'हर्ट-कम्फर्ट'ला (एकाला दुखापत, दुसऱ्याचा दिलासा) जखम आणि फुंकर. मूळ कथेला धरून असेल तर मूळबरहुकूम, मूळ कथेतला अन्याय दुरुस्त करणारी असेल तर डागडुजी. पण फक्त मराठी टॅग लावले तर इंग्रजीतून शोधणाऱ्याला कथा सापडणार नाही. रुळलेला टॅग आधी, मराठी नंतर.

त्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले टॅग स्वयंसेवक हाताने एका प्रमाण टॅगला जोडतात. वाईच्या विश्वकोशात नोंदीखाली 'पहा' लिहून दुसरीकडे पाठवतात, त्यातलाच प्रकार. या स्वयंसेवकांना इंग्रजीत 'रँगलर' म्हणतात, मूळ अर्थ घोडी वळणारा. गुराखी तसा 'टॅगराखी' म्हणायला हरकत नाही. त्यांचं काम वाढवू नका : अख्खं वाक्य टॅगमध्ये कोंबू नका, टॅगच्या आत स्वल्पविराम घालू नका. स्वल्पविराम आला की तिथे टॅग संपतो आणि एकाचे दोन तुकडे होतात. मूळ कथाविश्व, जोडी, पात्रं आणि इतर मिळून मर्यादा ७५ टॅगची आहे, पण एका कथेला दहाबारा पुरतात.

कासपठार :
देवनागरीतले खड्डे मी सांगतो. 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम (:) टंकला तर दिसायला फरक नाही, पण हॅशटॅग 'दु'पाशीच तुटतो, पुढचं सगळं साधा मजकूर. तसंच 'दुसऱ्या'. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्या पद्धतीत साध्या 'र'चा पाय मोडून मागे न दिसणारा जोडक टाकतात. दिसायला सारखेच, शोधताना दोन वेगळे टॅग. काही ठिकाणी तो जोडक गळून पडतो आणि रफार होऊन 'दुसर्या' उरतं. उपाय सोपा : गटातल्या एकाने टॅगची यादी टंकावी, बाकीच्यांनी तीच चिकटवावी. हॅशटॅगमध्ये दोन शब्दांमध्ये मोकळी जागा किंवा जोडरेघ चालत नाही, खालची रेघ चालते : #मंद_आच.

हरिपूरकर :
नमुना करून पाहिला, तपासा : कर्ण/द्रौपदी, कर्ण & दुर्योधन, मंद आच, डागडुजी, मुख्य पात्राचा मृत्यू. इशारा : लागू नाही.

मिरजेची वाचक :
शेवटचे दोन एकमेकांना खोटं पाडतात. मृत्यू असेल तर तो इशाऱ्याच्या चौकटीत निवडा आणि 'लागू नाही' काढा. नुसता इतर टॅगांत ठेवलात तर तो इशारा गाळून शोधणाऱ्याच्या यादीत कथा येतच राहील. आणि कोण मरतं? कर्ण वाचत असेल आणि दुर्योधन जात असेल, तर 'कर्ण जगतो' हा टॅगही जोडा. डागडुजी शोधणारा नेमका त्याच्याचसाठी आलेला असतो.