कलिंगडाचे सरबत पाणचट होऊ नये म्हणून

बर्फ घातल्यावर कलिंगडाचे सरबत पाणचट लागते, या तक्रारीबाबत थोडी भर घालतो. या फळात मुळातच सुमारे ९२ टक्के पाणी असल्यामुळे त्यात बर्फाचे पाणी मिसळले की चव फिकी पडतेच. म्हणून साधा बर्फ न वापरता गाळलेल्या रसाचाच काही भाग बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावा आणि सरबत देतेवेळी तेच तुकडे पेल्यात घालावेत. बिया मात्र आधी काढाव्यात, कारण मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या की त्यांची चव रसात उतरते. थंड पेयाची गोडी जिभेला कमी जाणवते, त्यामुळे साखर घालण्याचा मोह होतो. माझ्या मते फळ पिकलेले असेल तर चिमूटभर मीठ आणि थोडा लिंबाचा रस पुरेसा असतो.