प्रागचा पूल पहाटे बघावा

तुमच्या प्राग सहलीच्या पोस्टमधले फोटो झकास! तिथल्या जुन्या दगडी पुलाबद्दल, म्हणजे चार्ल्स ब्रिजबद्दल, 'पूल कमी, डोकीच जास्त दिसली' म्हणताय, ते अगदी पटलं. ऑक्टोबरात आम्ही चौघं मित्र दुपारी गेलो तेव्हा तेच झालं. दुसऱ्या दिवशी एकाच्या घोरण्यानं झोप उडाली, म्हणून साडेसहालाच पुलावर हजर. व्लटावा नदीवर धुकं, दिवे अजून चालू, आणि १३५७ साली पायाभरणी झालेला तो पूल जवळजवळ रिकामा. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, बहुतेक आता प्रतिकृतीच. संत नेपोमुकच्या पुतळ्याखालचा ब्राँझचा पत्रा मात्र लोकांनी श्रद्धेनं हात लावून लावून सोन्यासारखा चकचकीत केलाय, आजूबाजूला सगळं काळपट. (आमच्यातल्या नास्तिकानंही गुपचूप हात लावला!) जुन्या चौकातल्या प्रसिद्ध खगोलीय घड्याळाचा फोटो तेवढा राहिला, तासाला बाहुल्या फिरल्या तेव्हा आम्ही कॉफीच्या रांगेत.