मदत हवी आहे : वडिलांच्या हाडांसाठी स्टेम सेलचे इंजेक्शन द्यावे का?

कृष्णाकाठ
नमस्कार. माझ्या वडिलांना हाडांचा कॅन्सर आहे. कण्याचे दोन मणके दबले आहेत आणि कवटीच्या एक्स-रेमध्ये भोके दिसतात. चार महिन्यांच्या औषधोपचारानंतर रुग्णालयातील डॉक्टर आता स्टेम सेल करायचे म्हणतात, आणि त्यासाठी सुमारे तीन आठवडे भरती राहावे लागेल. इकडे एका खासगी केंद्राने सांगितले, की पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून इंजेक्शने दिली की हाड भरून येते, भरती व्हावे लागत नाही. दोन्हीकडे स्टेम सेलच असतील तर सोपा मार्ग का घेऊ नये? शुक्रवारपर्यंत पैसे भरायचे आहेत, म्हणून कृपया थेट उत्तर द्यावे.

अस्मिता_के
थेट उत्तर देण्याइतकी माहिती आपण दिलेली नाही. हा कॅन्सर हाडातच सुरू झालेला आहे, प्रोस्टेटसारख्या दुसऱ्या अवयवातून हाडात आलेला आहे, की मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील (हाडांच्या आतल्या मगजातील) पेशींचा कॅन्सर, आहे? तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. अहवालात निदान म्हणून जे लिहिले आहे ते जसेच्या तसे इथे लिहावे. कोणती औषधे चालू आहेत, तेही सांगावे.

वाईचे_नाना
माझ्या पत्नीची हाडे ठिसूळ झाली होती. नाचणी, दूध, सकाळचे ऊन आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांनी दोन वर्षांत मोठा फरक पडला. वडिलांना आजच कॅल्शियम सुरू करावे.

अस्मिता_के
नाना, कृपया असा सल्ला देऊ नये. वयोमानाने हाड विरळ होणे वेगळे आणि कॅन्सरने हाड पोखरणे वेगळे. मायलोमा असेल तर हाडातले कॅल्शियम रक्तात उतरून त्याची पातळी धोकादायक वाढू शकते.

वाईचे_नाना
माझ्या मेहुण्यांना मायलोमाच होता, आणि त्यांना हाडांच्या इंजेक्शनाबरोबर डॉक्टरांनीच कॅल्शियम दिले होते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

अस्मिता_के
ते रक्त तपासून दिले असणार. त्या इंजेक्शनाने कॅल्शियम खालीही जाते, म्हणूनच आधी तपासणी करतात.

कृष्णाकाठ
अहवालात ‘मल्टिपल मायलोमा’ लिहिले आहे. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड व डेक्सामेथासोन चालू आहे आणि महिन्यातून एकदा हाडांसाठीचे झोलेड्रोनिक आम्ल शिरेतून देतात. माझा मूळ प्रश्न स्टेम सेलचा आहे.

पेशीवेडा
मी अस्थिमज्जेतील पेशींवर प्रयोगशाळेत काम करतो, उपचार करत नाही. आपला सगळा गोंधळ एका शब्दामुळे झाला आहे. रुग्णालय ज्या स्टेम सेलबद्दल बोलते, त्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी आहेत. टिल आणि मॅककुलक या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये टोरांटोत उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून त्यांचा पुरावा मिळाला. वडिलांच्या रक्तातून या पेशी काढून गोठवतील, मग मेल्फालन हे औषध मोठ्या मात्रेत देऊन मज्जेतील कॅन्सर मारतील आणि त्या औषधाने निरोगी मज्जाही नष्ट होत असल्यामुळे जपलेल्या पेशी परत देतील. म्हणजे खरा उपचार मेल्फालन करते, पेशी रक्तनिर्मिती पुन्हा सुरू करतात. आजार यामुळे समूळ जाईलच असे नाही, पण बहुतेकांमध्ये तो बराच काळ आटोक्यात राहतो.

चरबीतून काढतात त्या पेशी निराळ्या. मज्जेतल्या तशा पेशी फ्रीडेनस्टाइन यांनी सोव्हिएत रशियात दाखवल्या, १९९१ मध्ये आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले आणि पुढे, २०१७ मध्ये, हे नाव बदलावे असे त्यांनीच लिहिले, कारण त्या नावामुळे लोकांना या पेशी थेट नवा अवयव घडवतात असे वाटू लागले होते.

हाड का भरत नाही, हे समजणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मायलोमात हाड झिजवणाऱ्या पेशी चेकाळतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी गप्प होतात. कॅन्सरच्या पेशी डीकेके-१ नावाचे प्रथिन सोडून बांधकाम थांबवतात, हे २००३ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सासच्या संशोधकांनी दाखवले. गवंडी कामाला लागूच नयेत असा हुकूम जागेवर असताना बाहेरून आणखी गवंडी आणून भिंत उभी राहणार नाही. शिवाय मज्जेतील मेसेंकायमल पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचे प्रथिन स्रवतात, आणि त्यावर मायलोमा पोसला जातो. अशा रुग्णाला त्या पेशी टोचणे मला भीतिदायक वाटते.

नवी_आई_२
आमच्या बाळाचे नाळेतील रक्त साठवले आहे. ते आजोबांच्या हाडांना चालेल का? आपणही साठवून ठेवावे असे सुचवते.

पेशीवेडा
त्यातही प्रामुख्याने रक्ताच्याच मूळ पेशी असतात, आणि मायलोमात सहसा रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वापरतात. यासाठी वेगळा धागा काढावा.

कृष्णाकाठ
पण तीन आठवडे भरती ठेवून करण्याचा उपचार प्रायोगिक नाही ना? घरात सगळ्यांना हीच धास्ती आहे.

अस्मिता_के
नाही. दात्याच्या मज्जेचे प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ मध्येच झाले होते, आणि मायलोमात स्वतःच्या पेशींचे प्रत्यारोपण आज प्रस्थापित उपचार आहे. प्रायोगिक आहे ते चरबीचे इंजेक्शन. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा पेशी मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीबाहेर (क्लिनिकल ट्रायल) रुग्णांना देता येत नाहीत. त्या केंद्राकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. आणखी एक : वडील अंगदुखीसाठी दुकानातून काही गोळ्या घेतात का? दातांची काही तक्रार आहे का?

कृष्णाकाठ
कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक घेतात. दाढ शनिवारी काढायची आहे. त्याचा इथे काय संबंध?

अस्मिता_के
फार मोठा संबंध आहे, आणि हे आपण पहिल्याच संदेशात लिहायला हवे होते. मायलोमात मूत्रपिंडे आधीच संकटात असतात आणि डायक्लोफिनॅकने ती आणखी बिघडू शकतात, म्हणून ती गोळी थांबवून उद्याच डॉक्टरांकडून दुसरे वेदनाशामक मागून घ्यावे. झोलेड्रोनिक आम्ल घेणाऱ्यांचा दात काढल्यावर काही वेळा जबड्याचे हाड उघडे पडते आणि भरून येत नाही. दंतवैद्यांना या औषधाची कल्पना दिली आहे का?

वाईचे_नाना
या बाबतीत अस्मिताताईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मेहुण्यांचा जबडा आठ महिने चिघळला होता. दाढ काढू नका.

अस्मिता_के
‘काढू नका’ असेही इथून सांगता येणार नाही, नाना. जंतुसंसर्ग असेल तर तो प्रत्यारोपणाआधी दूर करावाच लागतो. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आणि दंतवैद्यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे.

कृष्णाकाठ
दंतवैद्यांना सांगितले नव्हते. आत्ता फोन करून शनिवारची वेळ रद्द केली. केंद्राला पैसे भरलेले नाहीत आणि भरणारही नाही. गोळ्यांचे पाकीट मी बाबांच्या उशाखालून काढून घेतले आहे, पण आज रात्री ते कळवळले तर काय द्यावे, हे कुणी सांगू शकेल का?

अस्मिता_के
रुग्णालयाच्या कार्डावर रात्रीचा दूरध्वनी क्रमांक असतो. आत्ताच लावावा, सकाळची वाट पाहू नये. आणि पाय बधिर झाले, जोर गेला किंवा लघवी अडली, तर फोनवर न थांबता थेट घेऊन जावे, कारण दबलेल्या मणक्याचा दाब मज्जारज्जूवर येऊ शकतो.