पेशवेकालीन देखाव्यातल्या न्हाव्याला साबणाचा फेस कशाला?

गोदाकाठचा: पंचवटीत एका मंडळाने पेशवाईतला बाजार उभा केला होता. पगड्या, अंगरखे, तांब्याची भांडी, सगळ्यामागे कष्ट दिसत होते. न्हाव्यापाशी मात्र गिऱ्हाईक खुर्चीवर, गालभर ब्रशने घोटलेला फेस, आणि वस्तऱ्यात ब्लेड! वापरून फेकायचं ब्लेड बाजारात आलं १९०३ साली, तेही अमेरिकेत. आपल्याकडे दाढी पाण्यावर होई. वाटीतलं पाणी बोटांनी गालावर चोळून चोळून केस मऊ करायचे, मग वस्तरा. दोघे जमिनीवर समोरासमोर, न्हावी उकिडवा. शेजारी धोकटी, तिच्यात वस्तरे, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, आरसा, धारेला दगड आणि चामड्याचा पट्टा. तलवारीच्या मुठीवरून रात्र रात्र भांडणारे आपण, मग बारा बलुतेदारांतल्या एकालाच असं का उरकतो?

मधली गल्ली: मी असे देखावे बसवतो. गर्दीतून बघणाऱ्याला फेस दिसला की दाढी चाललीय हे कळतं. नुसतं पाणी चोळलं तर तोंड धुतोय असं वाटेल. आणि डोक्यावर मधल्या केसांचा घेरा ठेवून बाकीचं भादरून घ्यायला कॉलेजची पोरं तयार होत नाहीत, म्हणून टोप लावतो. टोप चालतो तर फेस का नको?

गोदाकाठचा: टोप ही अडचणीतली सोय आहे, तो पगडीखाली झाकला जातो. फेस मुलांच्या डोक्यात चुकीची माहिती कायमची बसवतो. खरी दाढी करा असं मी म्हणतच नाही. एकाचा वस्तरा दुसऱ्याला लागला तर हेपॅटायटिस बी, एचआयव्हीची भीती असते. धार मोडलेला वस्तरा घ्या, पण हात आणि बैठक खरी ठेवा.

धोकटीवाला: आमच्या घरात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. फेसाचं पटलं, पण दादा, तेवढ्यावर थांबू नका. न्हाव्याला वर्षाचं बलुतं धान्यात मिळे. मशाल धरणं, तुंबडी लावून अंगातलं रक्त ओढून काढणं हीसुद्धा त्याची कामं. अस्पृश्य ठरवलेल्यांची हजामत गावचा न्हावी करत नसे, आणि विधवांचं केशवपन त्याच्याच हातून होई. अस्सल हवं तर हेही आलंच.

मधली गल्ली: केशवपन चौकात दाखवायचं? समोर लहान मुलं बसलेली असतात. माझा ठाम विरोध.

धोकटीवाला: करून दाखवू नका, निवेदकाच्या तोंडून सांगा. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह झाला ते हेच शहर. इथे संकोच कसला? बाजार नुसता देखणा दाखवला तर माझ्या पणजोबांचं अर्धंच आयुष्य दिसेल.

मधली गल्ली: निवेदनात घेतो, हे मान्य. खुर्चीही काढतो. उकिडवं कसं बसायचं, वस्तरा कसा धरायचा, हे पोरांना शिकवायला तुम्ही याल का? फेसाचं मात्र माझं मत अजून तेच आहे. तालमीत पाण्यावर करून बघू, मागच्या रांगेला कळलं तरच बदलेन.