नाकुरूचे फ्लेमिंगो कुंपणात राहत नाहीत, मग संवर्धन कुंपणापुरतंच का?

पाणथळ:
केनियाच्या सहलींच्या जाहिरातीत आजही नाकुरू सरोवराच्या काठाचा गुलाबी पट्टा दाखवतात. प्रत्यक्षात तो पट्टा आता क्वचितच दिसतो. 2010 नंतर पाणी चढतच गेलं. चाळीसेक चौरस किलोमीटरचं सरोवर 2021 पर्यंत 65 च्या पुढे पसरलं. उद्यानाचं जुनं मुख्य प्रवेशद्वार बुडालं, काठचे रस्ते बुडाले, पिवळ्या सालीच्या बाभळी पाण्यात उभ्या उभ्या वाळल्या. आणि फ्लेमिंगो बोगोरिया सरोवराकडे, आणखी कुठे कुठे निघून गेले.

का गेले, ते त्यांच्या चोचीत बघा. छोटा फ्लेमिंगो मान खाली घालून चोच पाण्यात उलटी धरतो, जाड जिभेने पाणी आत ओढतो, बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या आतल्या बारीक झालरीत निळंहिरवं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे स्पिरुलिना, अडकवतो. मोठ्या फ्लेमिंगोची झालर जाड असते, त्याला पाण्यातले किडे-कोळंब्या चालतात. छोट्याचं पोट मुख्यतः या शेवाळावरच. ते दाट माजतं सोडा मुरलेल्या खाऱ्या पाण्यात. गोडं पाणी भरमसाट आलं की ते विरळ होतं. पूर्व आफ्रिकेतल्या 22 सरोवरांचा 1999 ते 2022 चा उपग्रहांवरून केलेला अभ्यास 2024 मध्ये आला. त्यात 2009 नंतर नाकुरूचं क्षेत्र 91 टक्के वाढल्याचं आणि पाण्यातलं हरितद्रव्य, म्हणजे शेवाळाचं माप, निम्म्यावर आल्याचं दिसलं.

1968 पासून राष्ट्रीय उद्यान, 1990 पासून रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), 2011 पासून जागतिक वारसा. एवढं संरक्षण असूनही पक्ष्याचं अन्न गेलं, कारण ते बिघडलं उद्यानाबाहेर. न्जोरो, माकालिया, न्देरित या नद्या माऊच्या डोंगरातून येतात आणि ते जंगल गेल्या काही दशकांत ओरबाडलं गेलंय. 2001 साली तर सरकारनेच 60 हजार हेक्टरच्या आसपास जंगल वनक्षेत्रातून वगळलं. माझं स्पष्ट मत आहे: या पक्ष्यासाठी नाकुरूचं कुंपण जवळजवळ निरुपयोगी आहे. पैसा आणि कायद्याची ताकद माऊच्या जंगलात आणि हे पक्षी जिथे अंडी घालतात त्या तांझानियातल्या नेट्रॉन सरोवरावर लागली पाहिजे.

सह्यवासी:
मुद्दा पोटतिडकीने मांडलाय, पण मला पटत नाही.

ही सरोवरं कायमच भरत-आटत आली आहेत. नव्वदच्या दशकाच्या मध्यात नाकुरू जवळजवळ कोरडं पडलं होतं, तेव्हाही फ्लेमिंगो गेले होते आणि पाणी आल्यावर परतले. दुसरं, पाणी एकट्या नाकुरूचं वाढलेलं नाही. बारिंगो, बोगोरिया, नैवाशा, अगदी उत्तरेचं तुर्काना, सगळी वाढली. तुर्कानाला बहुतांश पाणी इथिओपियातल्या ओमो नदीचं. त्याचा माऊशी काय संबंध? पाऊस वाढला, सरोवरं वाढली.

आणि कुंपण निरुपयोगी कसं म्हणता? ऐंशीच्या दशकात उद्यानाला कुंपण घालून गेंड्यांचं अभयारण्य केलं, म्हणून आज तिथे काळे आणि पांढरे दोन्ही गेंडे आहेत. शिवाय पक्षी म्हणजे फक्त फ्लेमिंगो नव्हे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून गेल्या शतकाच्या मध्याला केनियातल्याच मगादी सरोवरातून तिलापिया मासे आणून नाकुरूत सोडले. मासे आले तसे पेलिकन आले, पाणकावळे आले. जे नाकुरू सगळे मूळचं समजतात तेही माणसाने बदललेलंच होतं. उद्या गोड्या पाण्यात वेगळे पक्षी रुळले, तर ते काय कमी मोलाचे?

नैरोबीकर:
दहा वर्षं इकडे राहतोय, नाकुरूला येणंजाणं असतं. सह्यवासी, पावसाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, इथल्या सरकारच्या अहवालातही पाऊस हेच मुख्य कारण धरलंय. पण शहर तुमच्या हिशेबात नाही. नाकुरूला 2021 मध्ये शहराचा दर्जा मिळाला. ते उद्यानाच्या उत्तरेला अगदी खेटून आहे आणि उताराला आहे. मोठी सर आली की रस्त्यावरचं सगळं, प्लॅस्टिकसकट, सरोवराच्या दिशेने वाहतं. या सरोवराला बाहेर जायला वाटच नाही. जे आत आलं ते आतच राहिलं.

मात्र पाणथळ, कुंपणाचा खर्च बंद करा म्हणाल तर मी सह्यवासींच्या बाजूला. ते कुंपण नसतं तर काठापर्यंत घरं आली असती.

मृण्मयी:
पाणथळ, "कायद्याची ताकद माऊच्या जंगलात लावा" हे वाक्य मला टोचलं. ती ताकद तिथे कोणावर चालते माहीत आहे ना? ओगियेक लोक त्या जंगलात पिढ्यान्पिढ्या राहतात, मधावर जगतात, झाडांवर मधमाश्यांच्या पेट्या टांगतात. जंगल वाचवण्याच्या नावाखाली त्यांनाच हुसकावलं गेलं. मानवी हक्कांच्या आफ्रिकी न्यायालयाने 2017 च्या मे महिन्यात केनिया सरकारच्या विरोधात निकाल दिला, 2022 मध्ये नुकसानभरपाईचा आदेश दिला, आणि त्यानंतर 2023 च्या नोव्हेंबरात पुन्हा घरं पाडली. वनक्षेत्रातून जमिनी वगळल्या त्या राजकारण्यांनी, वाटल्या त्यांनीच, आणि बाहेर काढलं मध गोळा करणाऱ्याला. गुलाबी पक्ष्यांसाठी आम्ही इथे बसून हळहळायचं आणि त्याची किंमत त्याने मोजायची, हे मला मान्य नाही.

पाणथळ:
मृण्मयीताई, ओगियेकांना काढा असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. त्याच निकालात न्यायालयाने म्हटलंय की माऊच्या नासाडीचं खापर ओगियेकांवर फोडता येणार नाही. माझा रोख जमिनी वाटणाऱ्यांवर आणि लाकूडतोडीचे परवाने देणाऱ्यांवर आहे. ओगियेकांना जमिनीचा हक्क मिळाला तर जंगलाला त्यांच्याइतका चांगला राखणदार मिळणार नाही.

सह्यवासी, पाऊस वाढला हे मी नाकारलेलं नाही. पण तोच पाऊस दाट रानावर पडला तर जमिनीत मुरतो आणि महिनोन्महिने झिरपत राहतो. नांगरलेल्या उतारावर पडला तर दोन दिवसांत माती घेऊन तळाशी येतो. पावसावर केनियाचा ताबा नाही, उतारावर आहे. आणि पूर्वी एक सरोवर बिघडलं तर पक्षी दुसरीकडे जात. 22 सरोवरांच्या अभ्यासातली खरी काळजी हीच आहे की अन्न एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी घटतंय. मग ते संरक्षण नसलेल्या सरोवरांकडे जातील. तिथे त्यांच्यासाठी कोण उभं राहणार?

खाडीकाठ:
मी नवी मुंबईकर. आधी एक खुलासा करते, कारण दर हिवाळ्यात हे ऐकावं लागतं: ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो आफ्रिकेतून येत नाहीत. ते मुख्यतः कच्छच्या रणातून येतात. जात तीच, छोटा फ्लेमिंगो.

आता नेट्रॉनबद्दल. पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या फ्लेमिंगोंची नियमित वीण होते ती एवढ्या एकाच सरोवरात. तिथला सोड्याचा चिखल इतका दाहक की तरस, कोल्हे आत शिरत नाहीत, म्हणून मधोमध मातीचे उंचवटे करून पक्षी एकेक अंडं घालतात. त्याच नेट्रॉनवर वर्षाला पाच लाख टन सोडा अॅश (काच आणि धुण्याच्या पावडरीत लागणारा सोडा) काढायचा प्रकल्प आला होता आणि त्यात टाटा केमिकल्स होती. ही आपल्या मुंबईची कंपनी. जगभरातून विरोध झाला आणि 2008 मध्ये कंपनीने माघार घेतली. तेव्हा आपल्याकडे किती जणांना हे माहीत होतं? काच आणि धुण्याची पावडर आपणही वापरतो. हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

सह्यवासी:
खाडीकाठ, तांझानियातल्या माणसाच्या बाजूने बघा. सोडा त्यांच्या जमिनीत, रोजगार नाही, आणि बाहेरच्यांनी सांगायचं की हात लावू नका. केनियातल्या मगादीवर 1911 पासून सोडा काढतात, आज तिथली कंपनीही टाटांकडेच आहे. तिथे फ्लेमिंगो येतात की! कारखाना आणि पक्षी एकत्र नांदू शकतात याचं उदाहरण समोर आहे.

नैरोबीकर:
मगादीचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. फ्लेमिंगो तिथे चरायला येतात. विणीला ते एकदा मोठ्या संख्येने आले होते 1962 मध्ये, नेट्रॉनला पूर आला म्हणून. पाणी आटत गेलं तसा पिल्लांच्या पायांभोवती सोडा थरांवर थर चढून घट्ट कडी तयार झाली. पिल्लांना पाय उचलता येईनात. माणसांनी चिखलात उतरून, हातोडीने अलगद ठोकून हजारो पिल्लांच्या पायांची कडी फोडली, बाकीच्यांना कमी खाऱ्या पाण्याकडे हाकललं. विणीच्या जागी पाण्याचं प्रमाण जरा इकडेतिकडे झालं की काय होतं ते तिथे दिसलं. सोडा काढणाऱ्या कारखान्याला पंप लागतात, गोडं पाणी लागतं, रस्ते लागतात. नेट्रॉनवर ते नको.

सह्यवासी:
ठीक. नेट्रॉनच्या काठावर कारखाना नको, हे मान्य. तांझानिया सरकारने नंतर एन्गारुका इथल्या सोड्याच्या साठ्याकडे मोर्चा वळवला, तो मार्ग मला योग्य वाटतो. पण नाकुरूबद्दल माझं मत कायम. तिथल्या उद्यानाला गेंडा, पेलिकन आणि शहर यांचा हिशेब करावा लागतो. न येणाऱ्या फ्लेमिंगोंसाठी त्याचं बजेट माऊकडे वळवणं हा गेंड्यांवर अन्याय आहे.

पाणथळ:
गेंड्यांच्या वाट्याचा एक शिलिंगही मला नकोय. जागतिक वारसा म्हणून नाकुरू, एलमेंटाइता आणि बोगोरिया या तीन सरोवरांची नोंद एकत्र झालीय, मग आराखडाही एकत्र हवा आणि त्यात पाणलोट धरलेला हवा. पेलिकनचंच बघा, ते मासे मारायला नाकुरूत येतात आणि घरटी करतात एलमेंटाइतावर. आणि तुम्ही नेट्रॉन मान्य केलंत म्हणून सांगतो, नेट्रॉनला पाणी पुरवणारी दक्षिणेची एवासो न्गिरो नदी केनियातून येते. तिचा उगमही माऊमध्येच आहे.