उत्तर: उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी का?
"उन्हाळ्यात दोन-तीन पॉइंट हवा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटतो" हे एकाने लिहिलंय, ते काही पटलं नाही (पॉइंट म्हणजे psi, हवेच्या दाबाचं माप). कमी हवेचा टायरच जास्त दबतो, त्याची बाजू सारखी मुडपते आणि तापून तोच फुटतो.

मीही हा शहाणपणा केलाय. एप्रिलात भर दुपारी निपाणीहून बेळगावला आलो, पंपावर काटा 37 वर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 33, म्हणून पंपावरच्या पोराला म्हटलं, "सोड की चार पॉइंट." दुसऱ्या दिवशी सकाळी चोर्ला घाटाकडे निघताना बघतो तर 29! स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो, गाडी चालून टायर तापला की काटा चढतोच, हे तेव्हा कळलं. आता हवा मोजायचा गेज घरीच ठेवलाय, गाडी हलवायच्या आधी लावतो.